पावसाळ्यात रात्री व्हाळावर कुर्ल्या धरायला बॅटरी कोणती घ्यावी?

व्हाळकाठ (डिचोली)
पहिला पाऊस झाला की आमच्याकडे व्हाळात (ओढ्यात) आणि मळ्याच्या बांधांवर कुर्ल्या (खेकडे) बाहेर पडतात. घरी प्लगला लावायची जुनी बॅटरी आहे, ती अर्ध्या तासात पिवळी पडते. नवीन घ्यायची आहे, दोन हजारांच्या आत. बाजारात ‘५००० ल्युमेन’, ‘१ किलोमीटर झोत’ असं काय काय लिहिलेलं असतं. नेमकं बघायचं काय? पावसात चालायला हवी, दोन-अडीच तास टिकायला हवी.

सेल_मास्तर
किलोमीटर विसरा. कुर्ली तुमच्यापासून दोन ते पाच मीटरांवर असते. लांब झोताच्या बॅटरीत मधोमध पांढरा ठिपका आणि भोवती काळोख. त्या ठिपक्यात पाणी चकाकतं, शेजारची कपार दिसतच नाही. उजेड पसरणारा हवा. आतला आरसा गुळगुळीत नसून संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत असला की प्रकाश एकसारखा पडतो.

झोताचं अंतर खोक्यावर कसं येतं तेही बघून ठेवा. १०,००० कँडेलाची (कँडेला म्हणजे झोताच्या तीव्रतेचं माप) बॅटरी ‘२०० मीटर’ म्हणून खपते. पण त्या अंतरावर पडणारा उजेड ०.२५ लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतकाच.

आता टिकण्याचा हिशोब. १८६५० हा सेल (१८ मि.मी. जाड, ६५ मि.मी. लांब) ३००० एमएएचचा (एमएएच म्हणजे सेलच्या क्षमतेचं माप) असेल तर त्यात साधारण ११ वॅट-तास ऊर्जा. ल्युमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप; चांगली एलईडी वॅटला १०० ल्युमेनच्या आसपास देते. म्हणजे ३०० ल्युमेनवर साडेतीन तास, १००० ल्युमेनवर जेमतेम एक तास, तोही बॅटरी तापून स्वतःच मंद झाली नाही तर. तुम्हाला ३०० पुरे. या मापाच्या सेलवर ‘९९०० एमएएच’ छापलं असेल तर सरळ खोटं. खरा सेल ३५०० च्या आसपास थांबतो.

तुमच्या जुन्या बॅटरीत बहुतेक ४ व्होल्टचा शिसे-आम्लाचा सेल असेल. तो उतरलेला तसाच चार-सहा महिने ठेवला की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि मग चार्ज धरत नाही. पावसाळा संपताच कपाटात टाकलेल्या बॅटरीचं हेच होतं.

खाजनवाला (तिसवाडी)
पाण्याचं मी सांगतो. बॅटरी किती पाणी सोसते ते ‘आयपीएक्स’च्या आकड्यावरून कळतं. आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे. व्हाळात हातातून सुटणार हे धरूनच चला, तेव्हा निदान आयपीएक्स७ हवी (१ मीटर पाण्यात अर्धा तास). डोकं पुढे-मागे सरकवून झोत लहान-मोठा करायची बॅटरी घेऊच नका. सरकवताना ती पंपासारखी ओलसर हवा आत ओढते, मग काचेच्या आतून धुकं. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी बूच हीही कच्ची जागा. सेल बाहेर काढून वेगळा चार्ज करता येईल अशी बॅटरी बरी, जोडीला दुसरा भरलेला सेलही नेता येतो. सुटा सेल मात्र प्लास्टिकच्या डबीतच ठेवा. खिशात किल्ल्या-नाण्यांना टेकला तर शॉर्ट होऊन पेटू शकतो.

आट्यांजवळच्या रबरी कड्याला सिलिकॉन ग्रीस लावा, किंचितच. खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात), मानशीजवळ (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ) खाऱ्या पाण्यात वापरलीत तर घरी येताच झाकण घट्ट ठेवून गोड्या पाण्याने धुवा. नाहीतर ॲल्युमिनियमच्या आट्यांत पांढरी पूड धरते आणि पुढच्या वेळी झाकण फिरत नाही.

व्हाळकाठ
आणि डोक्याला बांधायची की हातातली?

रानवाट (सत्तरी)
पाऊस जोरात असेल तर हातातली. डोक्यावरचा उजेड डोळ्यांच्या रेषेतून जातो, त्यामुळे प्रत्येक थेंब पांढरा चमकतो आणि पुढे पडदा उभा राहतो. वर सगळी पाखरं तोंडावर. हातातली कंबरेखाली धरून उजेड बांधावर तिरका पाडा, कुर्लीची सावली आधी दिसते. पाण्यात बघताना उलट, उजेड जवळजवळ उभा टाका, नाहीतर पृष्ठभागच चकाकतो.

तरी डोक्याची एक साधी, ५०-१०० ल्युमेनची, जवळ असू द्या. धरताना दोन्ही हात लागतात. एक गंमत: डोक्याच्या उजेडात बांधावर बारीक हिरवट ठिणग्या दिसतात, ते कोळ्यांचे डोळे.

रंगाचं कुणी बोललं नाही. तो केल्विनमध्ये मोजतात. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड घेऊ नका. पाऊस-धुक्यात तो जास्त खुपतो आणि ओला पाचोळा, चिखल, कुर्ली सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. ४००० ते ५००० केल्विन घ्या. पाचोळ्यातलं फुरसं (विषारी साप) ओळखायलाही तोच बरा. गमबूट हवेतच.

उजेड अंगावर पडला की कुर्ली क्षणभर थबकते. तेवढ्यात झोत हलवू नका, हाताची सावली तिच्यावर पडू देऊ नका. मागून कवच दाबून धरा. पोटाखाली पिल्लं असलेली सोडून द्या.

सेल_मास्तर
एक राहिलं. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला या अभयारण्यांच्या हद्दीत रात्री बॅटरी घेऊन शिरू नका, कुर्लीसाठीसुद्धा. आणि याच दिवसांत उजेडात मोठे बेडूक गप्प बसलेले सापडतात, त्यांना हात लावायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे. वनखात्याची गस्त पावसाळ्यात असते आणि पिशवी उघडून बघते.

व्हाळकाठ
म्हणजे १८६५० सेलची, आयपीएक्स७, खडबडीत आरशाची, ४५०० केल्विनच्या आसपास. दोन हजारांत सेल आणि चार्जर बसेल?

खाजनवाला (तिसवाडी)
बॅटरी थोडी कमी किमतीची घ्या, पण सेल नावाजलेल्या कंपनीचाच, पक्क्या दुकानातून. चार्जर ४.२ व्होल्टला आपोआप थांबणारा हवा. एवढं सांभाळून बसतं.