ऑप्टिकल आउटपुटमध्ये खटके येतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. फोंड्याला आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग चालू आहे. ऑडिओ इंटरफेसचं (माइकचा आवाज डिजिटल करणाऱ्या यंत्राचं) ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाच्या केबलचं, आउटपुट वेगळ्या डिजिटल रेकॉर्डरला दिलंय. कंट्रोल पॅनेलमध्ये ते 'अ‍ॅडॅट'वर (आठ चॅनेल एकत्र पाठवणाऱ्या पद्धतीवर) होतं, तेव्हा काहीच येत नव्हतं. 'एस/पीडीआयएफ' (दोन चॅनेलची स्टिरिओ पद्धत) केल्यावर आवाज आला. पण मध्येच 'टक्' असा खटका येतो. पखवाजाच्या थापेत तो लपतो, हार्मोनियमच्या लांब सुरात मात्र कानाला बोचतो. अ‍ॅनालॉग केबलने सगळं स्वच्छ येतं, म्हणजे माइक ठीक आहेत.

दोन्हीकडे सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ४८ किलोहर्ट्झ, इंटरफेसचं क्लॉक (या नमुन्यांचा ताल ठरवणारं घड्याळ) 'इंटर्नल', म्हणजे त्याचं स्वतःचंच. मग रेकॉर्डरचं क्लॉक डिजिटल इनपुटवर ठेवायचं ना? की आधी केबल बदलून पाहू? चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) हे भजन पुरं करायचंय, जाणकारांनी कृपया सांगा.