पैसे भरून केलेली ‘रिसर्च इंटर्नशिप’ बायोलॉजीच्या मुलांनी करावी का?

माशीवाली_कल्याण
परीक्षा संपत आल्या की एसवाय-टीवायच्या ग्रुपवर तेच फॉरवर्ड सुरू होतात, ‘रिसर्च इंटर्नशिप, १५ दिवस, पीसीआर, ब्लॉटिंग, सर्टिफिकेट मिळेल’ आणि खाली फी. (पीसीआर म्हणजे डीएनएच्या प्रती काढणं, ब्लॉटिंग म्हणजे जेलवरचे रेणू पडद्यावर घेऊन ओळखणं.) माझी मावसबहीण मायक्रोबायोलॉजीला आहे, ती घरी पैसे मागतेय म्हणून हा धागा काढला.

माझं मत सांगते, याला रिसर्च म्हणू नका. किट विकत आणलेलं, जेलवर डीएनएचा पट्टा (बँड) कुठे येणार ते शिकवणाऱ्याला आधीच माहीत, एका जेलभोवती सगळी बॅच उभी आणि प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये तोच फोटो. हे प्रॅक्टिकल झालं. रिसर्च म्हणजे ज्याचं उत्तर समोर शिकवणाऱ्यालाही माहीत नाही असा प्रश्न, आणि त्यासाठी विद्यार्थ्याने फी का भरायची? कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी हा उन्हाळी कार्यक्रम आहे, तीन विज्ञान अकादम्यांची मिळून समर फेलोशिप आहे, तिथे उलट तुम्हालाच स्टायपेंड मिळतो. केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती असेल तर वर्षाच्या ८० हजारांतले २० हजार उन्हाळी प्रोजेक्टसाठीच असतात.

आणि यातलं काहीच नाही मिळालं तर कॉलेजात माश्या पाळा. खरंच सांगते. रवा, गूळ, अगार (खाद्य घट्ट करणारी पावडर), यीस्ट आणि बुरशी येऊ नये म्हणून थोडं प्रोपिऑनिक अ‍ॅसिड, एवढ्यावर ड्रोसोफिला म्हणजे फळमाशी वाढते. आम्ही टीवायला क्रॉस लावायचो, म्हणजे ठरवलेल्या नर-मादीची पैदास करायचो, आणि त्यासाठी आधी मीलन न झालेली मादी लागते. मादी कोषातून बाहेर आली की २५ अंशाला साधारण ८ तास मीलन करत नाही, तेवढ्यात तिला वेगळी काढायची, म्हणून सकाळी पहिल्या लेक्चरच्या आधी बाटल्यांतल्या सगळ्या माश्या काढून टाकायच्या आणि दुपारी परत येऊन नवीन माद्या पांढऱ्या टाइलवर ब्रशने वेचायच्या. अगदी ताज्या मादीच्या फिकट पोटात एक गडद ठिपका दिसतो, तो ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. एक मादी चुकली तर अख्खी बाटली फुकट. ती शिस्त कुठल्याही १५ दिवसांत लागत नाही.

विरार_स्लो
पटलं नाही. मी भरले होते पैसे आणि परत वेळ आली तर परत भरीन. आमच्या कॉलेजात मायक्रोपिपेट (अगदी थोडा द्रव मोजून घ्यायचं उपकरण) कपाटात कुलपात, वर्षातून एकदा डेमोला बाहेर. पहिल्या स्टॉपपर्यंत दाबून घ्यायचं आणि सोडताना दुसऱ्यापर्यंत दाबायचं हे मला त्या ट्रेनिंगमध्येच कळलं. नंतर परळच्या एका संस्थेत डिझर्टेशनसाठी गेले तेव्हा पहिला प्रश्न होता, हाताने काय काय केलंयस? सांगायला काहीतरी होतं.

तू सांगतेस त्या फेलोशिप चांगल्याच आहेत, पण जागा किती आणि अर्ज देशभरातून किती, आमच्यासारख्या ६५ टक्केवाल्यांनी फक्त वाट बघायची का? मेल टाकून टाकून हात दुखतात, नकाराचंसुद्धा उत्तर येत नाही. ज्या कॉलेजात माश्या पाळायला कोणी शिकवणारंच नाही तिथल्या पोरीला ‘कॉलेजात कर’ सांगणं सोपं आहे.

तासिका_मास्तर
मी शिकवतो, ठाण्याच्या पुढे. तासिका तत्त्वावर, म्हणजे लेक्चर-प्रॅक्टिकलचे तास मोजून पैसे, आणि मुलांच्या प्रोजेक्टसाठी सहापर्यंत थांबलो तर ते कुठल्याच तासात धरत नाहीत. तरी थांबतो. पण माशीवाली, तुमच्या कॉलेजात कोणीतरी सुट्टीच्या दिवशीसुद्धा बाटल्या बघायला येत असणार, ते कोण होतं आणि त्याला त्याचे पैसे मिळत होते का, हे विचारा एकदा. डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) कॉलेजांना निधी देणारी स्टार कॉलेज योजना २००८ पासून आहे, ज्यांना मिळाली त्यांच्या लॅब सुधारल्या, बाकीच्यांकडे अगार संपला की पुढच्या बिलाची वाट बघायची.

आता नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला चौथं वर्ष आलंय, ‘ऑनर्स विथ रिसर्च’. त्यासाठी यूजीसीच्या आराखड्यात पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात. माझ्याकडे एक मुलगा आहे, मार्क बेताचे, पण स्ट्रीकिंग (प्लेटवर जिवाणू रेघांनी पसरवणं) असं करतो की जिवाणूंची एकेक कॉलनी सुटी दिसते. त्याला त्या दारातून आत यायलाच मिळणार नाही, याचा मला फार त्रास होतो. फी भरून शिका असं मी नाही म्हणणार, पण मुलं तिकडे का जातात ते मला रोज दिसतं.

मुलुंडचे_बाबा
पालक म्हणून लिहितो. सगळ्यांना पीएचडी करायची नसते हो. माझ्या मुलीला बीएससी झाल्यावर अंबरनाथ नाहीतर तारापूरला फार्मा कंपनीत क्यूसीला (औषधांची गुणवत्ता तपासण्याच्या विभागात) लागायचंय. तिथे कोणी विचारत नाही की तू नवा प्रश्न शोधलास का, विचारतात स्टेरिलिटी टेस्ट (औषधात जंतू नाहीत ना याची तपासणी) येते का, रेकॉर्ड नीट लिहिता येतात का. तिला तीन आठवड्यांचं चांगलं ट्रेनिंग दिलं तर त्यात वाईट काय? फक्त नाव ट्रेनिंग ठेवा, माझी तक्रार नाही.

कुलाबा_बेंच
मी एका संशोधन संस्थेत पीएचडी करतोय, मुलं घेताना गाईडबरोबर बसतो म्हणून आतलं सांगतो. विरारताई, मेलला उत्तर येत नाही यातला बराच भाग हा की तोच मेल वीस लोकांना सीसी केलेला असतो, ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ आणि खाली ‘तुमच्या क्षेत्रात रस आहे’. आमच्या लॅबचा एक पेपर (शोधनिबंध) वाचून त्यातलं नेमकं काय कळलं नाही एवढं चार ओळीत लिहिलं तर ते मेल थांबून वाचलं जातं. मार्क कमी असले तरी.

फी भरलेल्या सर्टिफिकेटचं वजन आमच्याकडे जवळपास शून्य. पिपेट धरायला आठवड्यात शिकवता येतं. दहा वेळा बँड आला नाही तर अकराव्यांदा काय बदलून बघशील, हे नाही शिकवता येत पटकन. आणि दोन महिन्यांच्या खाली येऊ नका, पहिले काही आठवडे तर मीडिया (जिवाणू-पेशी वाढवायचं खाद्य) बनवण्यात आणि गोष्टी कुठे ठेवल्यात ते कळण्यातच जातात.

ओहोटी
सगळे लॅबवरच अडलेत. मुंबईला दोन पैशांचं भरती-ओहोटीचं टेबल बघून फुकट काम करता येतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी खूप आत जाते, हाजी अली किंवा कार्टर रोडच्या खडकांवर झोअँथिडच्या (प्रवाळांचे नातेवाईक असलेल्या मऊ समुद्री जिवांच्या) गाद्या उघड्या पडतात. पीव्हीसी पाइपची चौकट करा, दर महिन्याला त्याच जागी ठेवा, आत काय काय आहे ते मोजा, फोटो आयनॅचरलिस्टवर (जिवांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाइटवर) टाका. मरीन लाइफ ऑफ मुंबई या गटाचे लोक २०१७ पासून सगळ्यांना किनाऱ्यावर नेतात, ओळख पटवायला मदत होते. फक्त काही उचलून आणू नका, प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये, म्हणजे संरक्षित यादीत आहे. वर्षभराचा डेटा जमला की विद्यापीठाच्या आविष्कार या संशोधन स्पर्धेला घेऊन जा.

विरार_स्लो
ओहोटी, हे कुणीतरी एफवायला सांगितलं असतं तर मी गेले असते. कुलाबा_बेंच, पेपर वाचून मेल लिहायचा हेसुद्धा आम्हाला कोणी शिकवलं नाही, आणि अर्धे पेपर पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत. फीबद्दल माझं मत तेच आहे.

माशीवाली_कल्याण
मास्तर, आमच्या बाटल्या रविवारी लॅब असिस्टंट मामा बघायचे, ओव्हरटाइम नव्हता. तुमचा मुद्दा रास्त आहे. विरार, पेपर उघडत नसेल तर लेखकालाच मेल करून मागायचा, बहुतेक जण पाठवतात, आणि तोच पहिला मेल होतो. बाबा, नाव ट्रेनिंग ठेवलं तर माझाही विरोध संपला, पण जाहिरातीत रिसर्च लिहून १९-२० वर्षांच्या मुलांकडून पैसे घेणं मला चुकीचंच वाटतं. बहिणीला शनिवारी कार्टर रोडला पाठवतेय, ओहोटी किती वाजता आहे तेवढं कुणीतरी बघून सांगा.