मदत हवी आहे: मुलं फॉर्मवर 'खूप आवडलं' लिहितात, खरं कसं कळेल?

मंडळी नमस्कार,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. वर्गात २२ मुलं, चालू अवस्थेतले ५ संगणक आणि एक प्रोजेक्टर. यंदा 'धारा विद्युत आणि चुंबकत्व' हा पाठ आधी व्हिडिओ दाखवून, मग परिपथ जोडायच्या मराठी सिम्युलेशनवर (पडद्यावरच करायचा आभासी प्रयोग) आणि शेवटी ऑनलाइन चाचणी घेऊन शिकवला. पुढच्या महिन्यात आमच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत मुलांचा हा अनुभव कसा होता यावर मला बोलायचं आहे.

आधी साधा फॉर्म केला. २२ पैकी १९ जणांनी 'खूप आवडलं' निवडलं. मी हरखून गेले. दोन दिवसांनी प्रत्येकाच्या हातात एक सेल, एक बल्ब आणि वायरचा एकच तुकडा दिला आणि म्हटलं, पेटवा. सातजणांचा पेटला.

मग एकेकाला जवळ बसवून विचारलं. मागच्या बाकावरची एक मुलगी, तिनेही 'खूप आवडलं' लिहिलेलं. काय आवडलं गं? "बाई, वर्गात अंधार केला होता ना, ते." तिच्या गटात माऊस एकाच मुलाकडे होता, तिच्यापर्यंत तो एकदाही आला नाही. दुसऱ्या एका मुलाच्या हातून भलतंच बटण दाबलं गेलं आणि जोडलेला अख्खा परिपथ पुसला गेला. कॉम्प्युटर आपण बिघडवला असं वाटून तो उरलेली तासिका हात मांडीवर ठेवून बसला होता. मी तेव्हा शेजारच्याच गटापाशी होते, मला पत्ताही नाही. त्याच्या फॉर्मवरही 'खूप आवडलं'. मुलं खोटं बोलली असं मी म्हणणार नाही. बाईंनी एवढी मांडामांड केली, मग त्यांना छान म्हणायचं, हे आपणच शिकवलेलं असतं.

नंतर वाचनात 'सिस्टिम युजेबिलिटी स्केल' आलं. एखादी प्रणाली वापरायला किती सोपी वाटते हे मोजणारी, जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये केलेली दहा विधानांची प्रश्नावली. प्रत्येक विधानाला १ ते ५ पैकी आकडा द्यायचा, गुण ० ते १०० मध्ये निघतात, सरासरी ६८ च्या आसपास धरतात. मराठी करून मुलांना दिली. त्यात एक विधान बाजूचं, एक विरुद्ध, असं आलटून पालटून असतं. 'हे वापरायला उगाच किचकट आहे' याला 'अजिबात असहमत' म्हणजे चांगलं की वाईट, यावर वर्गात वाद झाला. गुण काढले तर नऊजणांचे बरोब्बर ५०! आधी कळेना. मग लक्षात आलं, की वरपासून खालपर्यंत एकच आकडा ठोकला की, तो कुठलाही असो, गुण ५० च येतात. म्हणजे ते नऊ कागद मुलांनी न वाचताच भरले होते.

तर माझी अडचण अशी. तेरा वर्षांच्या मुलाला काय विचारलं म्हणजे तो 'बाईंना काय आवडेल' हे सोडून स्वतःचं सांगेल? नाव लिहू नका म्हणून उपयोग नाही, २२ जणांचं अक्षर मी ओळखते. आणि जे मूल गटात असूनही पडद्यापासून लांबच राहिलं, त्याचा अनुभव मोजायचा कसा? शाळेत कुणी असं काही करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १
ताई, मी ॲप तपासण्याचं काम करतो. प्रश्नावली बाजूला ठेवा आणि मुलांना दोघादोघांच्या जोडीने बसवा. एकटं मूल मोठ्यांसमोर बोलत नाही, पण मित्राशी भांडताना सगळं बोलतं: "अरे इथे नाही, तिथे दाब." तुम्ही मागे बसून फक्त लिहायचं, मदत करायची नाही. कुठे थांबली, काय परत दाबलं, माऊस किती वेळ कुणाकडे होता. 'फेट' (PhET) नावाची विज्ञानाची सिम्युलेशन्स बनवणारे कोलोरॅडो विद्यापीठातले लोकसुद्धा विद्यार्थ्यांना असंच समोर बसवून पाहतात आणि मग सुधारणा करतात.

प्रतिसाद २
हसऱ्या चेहऱ्यांच्या मोजपट्टीवर लहान मुलं बहुतेक वेळा सगळ्यात हसराच चेहरा निवडतात, हे मुलांच्या संगणक-वापरावर संशोधन करणाऱ्या जॅनेट रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवून ठेवलं आहे. त्यांनी सुचवलेले दोन उपाय सोपे आहेत. 'हे पुन्हा करायचं आहे का?' एवढंच विचारायचं: हो, बघू, नाही. किंवा व्हिडिओ, सिम्युलेशन, चाचणी आणि खरा सेल-बल्ब अशा चार चिठ्ठ्या देऊन क्रम लावायला सांगायचा. सगळंच पहिलं ठेवता येत नाही, त्यामुळे मुलाला निवडावंच लागतं. आणि चिठ्ठ्या तुम्ही गोळा करू नका, शेजारच्या शाळेतल्या बाईंना बोलवा.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. काल चिठ्ठ्यांचं केलं, दुसऱ्या बाई आल्या होत्या. २२ पैकी १४ जणांनी सेल-बल्ब पहिला ठेवला आणि चाचणी बहुतेकांनी शेवटी. 'अंधार'वाल्या मुलीने सिम्युलेशन दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं. का, असं बाईंनी विचारल्यावर म्हणाली, "मला करून बघायचंय."

आज तिला आणि तिच्या मैत्रिणीला जोडीने बसवलं. पहिली पाच मिनिटं माऊसला कुणीच हात लावेना, मला उठून दाखवावंसं फार वाटलं, तरी बसून राहिले. मग दोघी जे बोलायला लागल्या ते दोन पानं भरलं. 'विभवांतर' (व्होल्टेज) शब्द आला की दोघी थांबतात आणि सरळ पुढचं बटण दाबतात, हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.

आता एकच अडलंय. एका तासिकेत फार तर दोन जोड्या होतात, म्हणजे ११ जोड्यांना सहा तासिका. त्या वेळात बाकीच्या वीसजणांना काय द्यावं, की ती गुंतून राहतील आणि बसलेल्या जोडीकडे डोकावणार नाहीत?