अनुभव धागा: वरच्या दुधावरील तान्ह्या बाळाचा मलावरोध

माझी मुलगी आता 5 महिन्यांची आहे. प्रसूतीनंतर मला जंतुसंसर्ग झाल्यामुळे पहिले जवळजवळ तीन आठवडे मी तिला अंगावर घेऊ शकले नाही आणि पुढेही दूध पुरेसे उतरलेच नाही, त्यामुळे ती जन्माच्या दुसऱ्या दिवसापासून वरच्या दुधावर, म्हणजे डब्यातील पावडरच्या दुधावर आहे. तिसऱ्या आठवड्यात तिला खडा होऊ लागला. त्या पंधरवड्यात सुदामा नगरातील आमच्या घरी बाळ पाहायला जितकी माणसे आली, तितके उपाय मला ऐकायला मिळाले, आणि त्यांतले निम्मे उरलेल्या निम्म्यांच्या विरुद्ध होते. म्हणून हा धागा काढत आहे. आपल्या इंदूरमधील मराठी घरांत ज्यांनी हे सोसले आहे, त्यांनी बाळाचे वय, दूध कसे कालवत होता, शी नेमकी कशी होत होती आणि कशाने फरक पडला, एवढे सविस्तर लिहावे. पावडरच्या कंपन्यांची नावे कृपया लिहू नयेत. आईचेच दूध उत्तम, हे 1992 च्या कायद्यानुसार प्रत्येक डब्यावर छापलेले असते आणि आम्ही ते दिवसातून आठ वेळा वाचतो; तो वाद येथे नको.

सुरुवात मीच करते. मी डॉक्टरांकडे गेले ती कॅलेंडर घेऊन. कोणत्या तारखेला शी झाली, कोणत्या तारखेला झाली नाही, हे मी लाल पेनाने मांडले होते. त्यांनी कॅलेंडर बाजूला ठेवले आणि डायपर मागितला. वरच्या दुधावरच्या बाळाची शी अंगावर पिणाऱ्या बाळापेक्षा दाट असते, शेंगदाण्याच्या ओल्या चटणीइतकी, आणि रंगाने पिवळट, तपकिरी किंवा हिरवट असते. ती एखाद्या दिवशी झाली नाही तरी, मऊ असेल, बाळ नीट पीत असेल आणि वजन वाढत असेल, तर त्याला मलावरोध म्हणत नाहीत, असे त्यांनी सांगितले. माझ्या मुलीची शी मात्र शेळीच्या लेंड्यांसारखी कोरडी होती आणि एकदा तिच्यावर रक्ताची बारीक रेघही होती, म्हणून तिचा त्रास खरा ठरला. कारण काय निघाले ते शेवटी लिहीन, कारण पुढचे अनुभव वाचून कदाचित कोणी ते आधीच ओळखेल.

राजेंद्र नगरातील एक बाबा:

ताई, तुमचे कारण मी ओळखले असे वाटते, कारण आमचेही तेच होते आणि अपराधी मी स्वतः होतो. आमच्याकडे रात्रीच्या बाटल्या माझ्याकडे असत. मुलगा सव्वा महिन्याचा असताना त्याची शी इतकी कडक होऊ लागली की, तो कुंथताना त्याची आई दुसऱ्या खोलीत जाऊन बसत असे. डॉक्टरांनी औषध लिहून देण्याआधी मला त्यांच्या टेबलावरच बाटली तयार करायला सांगितली. मी नेहमीप्रमाणे बाटलीत आधी तीन चमचे पावडर टाकली आणि मग 90 च्या खुणेपर्यंत पाणी ओतले. त्यांनी मला तेथेच थांबवले. तीन चमचे पावडर स्वतःच साधारण 10 मिलिलिटर जागा घेते. म्हणजे मी 90 मिलिलिटर पाणी देत नव्हतोच, 80 च्या आसपास देत होतो, आणि हे दिवसातून आठ वेळा. आमच्या डब्यावर 30 मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा असे प्रमाण होते आणि क्रमही स्पष्ट छापलेला होता: आधी पाणी मोजायचे, मग पावडर. मी अभियंता असून ती ओळ कधी वाचली नव्हती. आणखी एक चूक त्यांनी पकडली. मी चमचा डब्याच्या भिंतीवर दाबून सपाट करत असे, त्यामुळे पावडर आत ठासली जात असे. चमचा सैल भरायचा आणि सुरीच्या पाठीने वरचा भाग काढून टाकायचा, एवढेच करायचे असते. क्रम सुधारल्यानंतर चौथ्या दिवशी शी मऊ झाली, आणि औषधाची चिठ्ठी लिहिलीच गेली नाही.

रामबागेतील एक आजी:

राजेंद्र नगरच्या दादांनी स्वतःची चूक मोकळेपणाने लिहिली, म्हणून मीही लिहिते. नातवाने लवकर बाळसे धरावे म्हणून मी सुनेच्या नकळत चमचा शिगोशिग भरत असे. आमच्या काळी म्हशीच्या दुधात पाणी घालून द्यायचो, तेव्हा पातळ दूध म्हणजे गरिबी, असे मनात पक्के बसले होते. त्यात खडा झाला की विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावायचा, ही आमच्या घरची तीन पिढ्यांची पद्धत. देठाने शी लगेच होते, हे खोटे नाही. पण नातवाला आठवडाभर रोज देठ लावल्यावर असे झाले की, तो देठाशिवाय शी करीनासा झाला, आणि एका सकाळी देठाला रक्त लागले. सुनेने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, त्याचेच मला जास्त वाईट वाटले.

आता मी काय करते ते सांगते. दूध पिऊन अर्धा-पाऊण तास झाला की नातवाला दुपट्यावर उताणे निजवते, तळहाताला कोमट खोबरेल लावून बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हलकेच हात फिरवते, आणि मग दोन्ही पाय धरून सायकल चालवल्यासारखे एकेक करून पोटाशी आणते. शेवटी दोन्ही गुडघे पोटाशी धरून थोडा वेळ तसेच ठेवते. कोमट पाण्याच्या अंघोळीनंतर हे केले, तर बहुतेक वेळा काम होते. मालिशवाल्या बाईंना मात्र पोट चोळू देत नाही. त्यांचा हात जड आहे.

टिळक नगरातील एक आई:

आमचा अनुभव थोडा वेगळा आहे. माझी मुलगी दीड महिन्याची असताना रोज दोन-तीन वेळा वीस-वीस मिनिटे कुंथत असे, चेहरा लालबुंद होत असे, रडून घर डोक्यावर घेत असे, आणि एवढे होऊन जी शी होत असे ती चक्क्यासारखी मऊ असे. घरातील सर्वांचे मत मलावरोधाचे पडले. शेजारच्या काकूंनी साबणाची वात सुचवली, आत्यांनी एरंडेल. डॉक्टरांनी दोन्हींना ठाम नकार दिला आणि हा मलावरोध नाहीच, असे सांगितले. पोटाने जोर लावणे आणि त्याच वेळी गुदद्वार सैल सोडणे, या दोन क्रिया एकत्र जुळवायला तान्ह्या बाळाला शिकावे लागते. ते जमेपर्यंत बाळ बंद दारावर जोर लावत राहते आणि रडण्याने पोटात दाब वाढवते. दर वेळी वात किंवा देठ लावला, तर बाळ बाहेरच्या मदतीचीच वाट पाहायला शिकते. रामबागेच्या आजींनी लिहिले ते मी वाचले तेव्हा हेच आठवले. आम्ही काहीही केले नाही. काहीही न करणे फार अवघड गेले, विशेषतः सासूबाई दाराशी उभ्या असताना. अडीच महिन्यांची झाल्यावर तो प्रकार आपोआप थांबला.

लोकमान्य नगरातील एक रसायनशास्त्राचे शिक्षक:

माझ्या मुलाचे मोजमाप मी तराजूवर तपासले होते. ते अचूक असूनही त्याची शी घट्टच होती. तेव्हा मी डब्यावरील घटकांची यादी वाचायला घेतली आणि त्यात पामोलिन आढळले. पाम तेलात पामिटिक आम्ल भरपूर असते. आईच्या दुधातही ते असते, परंतु तेथे ते मेदाच्या रेणूत बहुतांशी मधल्या जागी जोडलेले असते, तर पाम तेलात ते मुख्यतः दोन्ही टोकांना असते. आतड्यातील विकर टोकाची आम्ले तोडून मोकळी करते, मोकळे झालेले पामिटिक आम्ल कॅल्शियमला धरते आणि न विरघळणारा साबण तयार होतो. कडक पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, तोच हा पदार्थ. आमच्या भागात बोअरिंगचे पाणी वापरणाऱ्यांना तो थर चांगला परिचयाचा आहे. या साबणाने शी घट्ट होते. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी पामोलिन नसलेली पावडर देऊन पाहायला संमती दिली आणि फरक पडला. तथापि पाम तेल असलेल्या पावडरीवर असंख्य बाळे कोणत्याही तक्रारीशिवाय वाढतात, हेही नमूद करतो. काही लोक लोहाला दोष देऊन कमी लोहाची पावडर शोधतात. डब्यात असते तेवढ्या लोहाने सहसा मलावरोध होत नाही आणि बाळाला लोहाची गरज असते, असे आम्हाला स्पष्ट सांगण्यात आले.

नंदानगरातील एक आई:

नौतपाच्या दिवसांत आमचा मुलगा दोन महिन्यांचा होता. कूलर चालू असूनही खोली तापत असे आणि सर्वजण एकच म्हणत, त्याला चमचाभर पाणी पाजा. डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या आत वेगळे पाणी नको म्हटले, कारण पाण्याने पोट भरले की दूध कमी जाते आणि जास्त पाणी लहान बाळाच्या शरीरातील क्षारांचे प्रमाण बिघडवू शकते. त्याऐवजी त्यांनी दूध थोडे थोडे पण अधिक वेळा द्यायला आणि चोवीस तासांत किमान सहा लंगोट चांगले ओले होतात का, हे मोजायला सांगितले. आमचे चारच होत होते. दूध वाढवल्यावर शी सुधारली. आमच्याकडे नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते आणि ते टाकीत साठते, त्यामुळे बाटलीसाठी ते मी प्रत्येक वेळी खळखळून उकळते आणि अर्ध्या तासाच्या आत, गरम असतानाच, त्यात पावडर घालते. कारण पावडर निर्जंतुक नसते. मग बाटली गार पाण्यात धरून निववते आणि मनगटावर थेंब टाकून पाहते.

एक बाबा, परिसर लिहीत नाही:

आमची कथा सायकल आणि मालिशने सुटणारी नव्हती, म्हणून ती या धाग्यात असावी असे वाटले. आमच्या मुलाला जन्मानंतर पहिली काळी-हिरवी शी तिसऱ्या दिवशी झाली, तीही थोडीशी. प्रसूतिगृहात तशी नोंद होती. तरीही, वरचे दूध आहे, होईल हळूहळू, असे सांगून आम्हाला घरी पाठवण्यात आले. आम्हीही तेच धरून बसलो. नवव्या दिवशी त्याचे पोट ढोलकीसारखे ताणले गेले, दूध तोंडाला लावेना आणि त्याने हिरवी उलटी केली. त्या रात्री रुग्णालयात पोहोचलो नसतो तर काय झाले असते, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी आम्हाला नंतर सांगितले. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच नव्हत्या, त्यामुळे तो भाग मळ पुढे ढकलू शकत नव्हता. या आजाराला हर्शस्प्रंग म्हणतात आणि साधारण 5000 जन्मांत एका बाळाला तो असतो. आतड्याचा तुकडा तपासून निदान पक्के झाले आणि शस्त्रक्रियेने तो भाग काढला. मुलगा आता चार वर्षांचा आहे आणि रविवारी पोहे-जिलेबीसाठी मला उठवतो. आपल्या बाळाची पहिली शी किती तासांनी झाली, हे डिस्चार्जच्या कागदावर शोधा. ती 48 तासांत झाली नसेल, तर ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा. ते विचारतीलच, असे धरून चालू नका.

विजय नगरातील एक आई:

आमच्याकडे मलावरोधाबरोबर कावीळ तीन आठवडे रेंगाळली होती, बाळ सुस्त होते आणि रडण्याचा आवाज घोगरा होता. मी ते शांत बाळ म्हणून कौतुकाने सांगत असे. रक्ततपासणीत थायरॉईड कमी निघाले. रोज एक गोळी चुरून चमच्यातून देतो. सर्व ठीक आहे.

बालरोग विभागात काम केलेल्या एक परिचारिका:

वरील अनुभवांत थोडी भर घालते. जन्मल्यावर मधाचे बोट चाटवण्याची आपल्याकडची रीत आणि शी मोकळी होण्यासाठी गुटीत मध कालवणे, दोन्ही एक वर्षाच्या आत टाळावे. मधात बोटुलिझमचे बीजाणू असू शकतात, आणि त्या आजाराचे पहिले लक्षण बहुधा मलावरोध हेच असते, म्हणजे उपायच आजार होऊन बसतो. ग्लिसरिनची बत्ती औषधाच्या दुकानात सहज मिळते, म्हणून ती निरुपद्रवी समजू नये; ती डॉक्टरांनी सांगितली तरच आणि तेवढ्यापुरतीच वापरावी. काळ्या मनुकांच्या पाण्याबद्दल अनेक जणी विचारतात. एक महिन्याच्या आतील बाळाला ते नकोच, आणि पुढेही प्रमाण विचारल्याशिवाय देऊ नये. हिरवी उलटी, ताठ फुगलेले पोट, रेघेपेक्षा जास्त रक्त, पांढुरकी मातीसारखी शी, दूध न घेणे किंवा तीन महिन्यांच्या आतील बाळाला 38 अंश सेल्सियस ताप असेल, तर धाग्यात प्रश्न विचारण्यात वेळ घालवू नये. त्याच दिवशी, गरज पडल्यास रात्रीच, रुग्णालय गाठावे.

धागाकर्ती:

सर्वांचे आभार. राजेंद्र नगरच्या दादांनी अर्धे बरोबर ओळखले. आमच्याकडे पाणी आधीच मोजले जात होते, पण चमचा दुसऱ्याच डब्यातला होता. पहिली पावडर संपल्यावर आम्ही दुसरी आणली, तिचा चमचा पावडरीत खोल गेला होता, म्हणून आईने जुनाच धुऊन वापरायला घेतला, आणि तो मोठा होता. दोन्ही चमचे मी डॉक्टरांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा फरक लांबूनही दिसत होता. नवा चमचा वापरू लागल्यावर पाचव्या दिवशी खडा बंद झाला. पावडर बदलून किती दिवस वाट पाहावी, असे दोघींनी मला विचारले आहे. आम्हाला साधारण एक आठवडा सांगितला होता, आणि त्या आठवड्यात दुसरे काहीही बदलू नका, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल, असेही सांगितले होते.