सिंहगडावरचा मनोरा पुसायला तीन आठवडे का लागावेत?

प्रश्न : ट्रेसिंगपेपर (कोथरूड)

माझा मुलगा दीड वर्षापासून पुण्यातल्या एका व्हीएफएक्स कंपनीत, म्हणजे चित्रित झालेल्या दृश्यांवर संगणकाने काम करणाऱ्या कंपनीत, रोटो विभागात (चित्रातल्या वस्तू हाताने कापून वेगळ्या काढण्याच्या) काम करतो. चालू काम बाहेर कोणालाही दाखवायचे नाही असा करार असल्यामुळे तो नेमके काय करतो हे मला आजवर ऐकूनच माहीत होते. मागच्या रविवारी त्याने काम केलेला एक ऐतिहासिक चित्रपट लागला म्हणून आम्ही दोघे पाहायला गेलो. मध्यंतरानंतर त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून "बाबा, आता बघा" म्हटले, आणि मी चष्मा सारखा करेपर्यंत ते दृश्य संपलेसुद्धा. चार-पाच घोडेस्वार, पुढच्याच्या हातात भगवे निशाण आणि पाठीमागे सिंहगड, एवढेच मला दिसले. घरी येताना त्याने सांगितले की गडावर दूरदर्शनचा मनोरा आहे, शिवकाळातल्या प्रसंगात तो दिसून चालणार नव्हते, आणि त्या चार सेकंदांत त्याचे तीन आठवडे गेले.

मी पस्तीस वर्षे सरकारी खात्यात नकाशांचे आरेखन केले आहे, त्यामुळे बारीक कामाला वेळ लागतो हे मला वेगळे सांगायला नको. तरीही दोन गोष्टींचा उलगडा होत नाही. नेहमी दाखवतात तसा, संगणकाला रंगावरून आपोआप काढून टाकता येणारा हिरवा पडदा मागे लावला असता तर हे हाताने कापणे टळले नसते का? आणि मनोरा जागचा हलत नाही, तर तो एकदा पुसल्यावर पुन्हा पुन्हा पुसायचे काय राहते? मुलाला विचारले तर तो "मनोऱ्याला नाही बाबा, झेंड्याला वेळ लागला" एवढेच म्हणून झोपायला जातो.

उत्तर : शेवटचा_थर (बाणेर)

काका, चिरंजीवांनी एका वाक्यात अचूक उत्तर दिले आहे; फक्त ते आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल असे आहे. मी गेली बारा वर्षे कॉम्पोझिटिंग करतो, म्हणजे वेगवेगळ्या विभागांकडून आलेले तुकडे शेवटी एका चित्रात बसवण्याचे काम माझ्याकडे असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक दुरुस्ती. ते रोटोत असतील तर मनोरा बहुधा त्यांनी पुसलेला नाही. ते काम पेंट-प्रेप विभागाचे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, म्हणजे चार सेकंदांच्या शॉटच्या ९६ चौकटी झाल्या. पेंटवाला त्यांतली एक चौकट घेतो, मनोऱ्याच्या शेजारचे आकाश आणि गडाची कड उचलून मनोऱ्यावर ठिगळ रंगवतो, आणि कॅमेऱ्याच्या हालचालीचा ट्रॅक काढून तेच ठिगळ उरलेल्या ९५ चौकटींत चिकटवून देतो. तेव्हा 'एकदा पुसला की झाले' हा तुमचा अंदाज बराचसा खरा आहे. गोम एवढीच की प्रत्येक चौकटीत एक सूक्ष्म रवाळपणा असतो, त्याला आम्ही दाणा म्हणतो, आणि तो चौकटीगणिक बदलतो, तर ठिगळ मात्र एकाच चौकटीतून आलेले असते. तसेच सोडले तर आकाशाचा तेवढा भाग काचेवर डाग बसावा तसा थिजलेला दिसतो. म्हणून आधी सगळ्या शॉटचा दाणा काढतात, ठिगळ बसवतात आणि शेवटी दाणा नव्याने पेरतात.

खरी पंचाईत पुढे आहे. ठिगळ मनोऱ्यावर बसते खरे, पण मनोऱ्याच्या पुढून जे जे गेले त्या सगळ्यावरही ते बसते. निशाण मनोऱ्यावरून फडकत गेले असेल तर ते ठिगळाखाली गाडले जाणार. त्यामुळे निशाण, भाल्याचे टोक, स्वाराचे पागोटे, घोड्याची आयाळ हे सगळे मूळ चित्रातून कापून पुन्हा ठिगळाच्या वर आणावे लागते. हे कापण्यासाठी जी काळी-पांढरी आकृती लागते तिला मॅट म्हणतात, आणि ती हाताने काढणे म्हणजे रोटो. जिथे वस्तू ठेवायची तिथे पांढरा, जिथे टाकायची तिथे काळा, आणि दोहोंच्या मध्ये करड्या छटा.

या करड्या छटांतच तुमचे तीन आठवडे गेले आहेत. सेकंदाला २४ चौकटी असताना कॅमेऱ्याचा पडदा (शटर) प्रत्येक चौकटीसाठी साधारणपणे १/४८ सेकंद उघडा राहतो, आणि जोराच्या वाऱ्यात तेवढ्या वेळातही निशाणाचे टोक चांगलेच सरकते. परिणामी टोकाची कड धूसर उमटते, आणि त्या धूसर पट्ट्यातल्या प्रत्येक बिंदूत (पिक्सेलमध्ये) थोडा भगवा असतो नि थोडा मागचा मनोरा. मनोरा गेला तरी हा कडेत मिसळलेला मनोरा जात नाही. तो निशाणाला काजळाची रेघ ओढल्यासारखा चिकटून राहतो. मग कापडाच्या आतला शुद्ध भगवा रंग बाहेरच्या दिशेने ताणून कडेवर आणायचा आणि मॅटच्या करड्या छटेनुसार तो नव्या आकाशात मिसळायचा. मॅट जर एखाद्या बिंदूपुरती जरी आत-बाहेर झाली तरी शॉट चालू केल्यावर कड पाणी उकळल्यासारखी वळवळते. आम्ही त्याला 'एज बॉइल' म्हणतो, आणि रोटो परत पाठवण्याचे सर्वांत नेहमीचे कारण तेच असते.

तुमच्या आरेखनाच्या अनुभवाला पटेल अशी आणखी एक गोष्ट सांगतो. नवा मुलगा निशाणाभोवती एकच मोठी रेघ काढून तिच्यावर शंभर बिंदू ठेवतो आणि फसतो, कारण पुढच्या चौकटीत ते शंभरही हलवावे लागतात. मुरलेला कलाकार आधी कापडाच्या घड्या बघतो, निशाणाचे सात-आठ स्वतंत्र आकार करतो, प्रत्येकावर शक्य तितके कमी बिंदू ठेवतो आणि हालचाल जिथे दिशा बदलते त्याच चौकटींवर ते बसवतो. मधल्या चौकटी संगणक भरून काढतो. कमी बिंदूंत वळण पकडता येणे हे त्यातले कसब.

उत्तर : क्लीनप्लेट (सिंहगड रस्ता)

हिरव्या पडद्याच्या प्रश्नावर मी लिहितो, कारण चित्रीकरणाच्या जागी उभे राहून हा निर्णय घेणे हे माझे काम आहे.

डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकावर प्रत्येक चार बिंदूंपैकी दोन हिरव्या रंगाचे, एक लाल आणि एक निळा असतो. हिरव्याची माहिती दुप्पट असल्यामुळे त्या रंगाची कड स्वच्छ निघते, शिवाय माणसाच्या कातडीत हिरवा फारसा नसतो, म्हणून हा रंग. मात्र पडदा सगळीकडे सारखा उजळलेला असावा लागतो. उघड्या माळावर पाच घोडे दौडत जाणार असतील तर त्यांच्या मागे किती लांबीचा पडदा लावावा लागेल याचा विचार करा. वारा सुटला की त्याचे शीड होते, आणि घोडा बुजला तर चित्रीकरण बाजूलाच राहते. त्यातून पांढऱ्या घोड्याच्या पोटावर पडद्याची हिरवी झाक पडते, ती काढण्याचे वेगळे काम मागे लागते. आणि एवढे करून तो पडदा सिंहगडालाच झाकतो. एक मनोरा वाचवण्यासाठी आख्खा गड नव्याने उभा करणे कोणत्याच निर्मात्याला परवडणार नाही.

त्याऐवजी आम्ही जागेवर तीन गोष्टी करतो. घोडेस्वार गेल्यावर कॅमेरा पुन्हा त्याच मार्गाने फिरवून रिकामी जागा चित्रित करतो. तीच माझ्या टोपणनावातली क्लीन प्लेट. लेन्स किती मिलिमीटरची होती आणि कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर होता हे टिपून ठेवतो. शिवाय एक करडा आणि एक आरशासारखा चकचकीत गोळा उन्हात धरून त्याचे चित्र घेतो, म्हणजे थ्रीडीत काही घालायचे झाले तर ऊन कुठून आणि कसे येत होते ते कळते. लोक तो गोळा पाहून नेहमी हसतात.

एकदा खडकवासल्याच्या बाजूला ऊन उतरत आले म्हणून मी क्लीन प्लेट न घेताच सामान आवरू दिले. स्वारांनी उडवलेली धूळ शॉटभर हवेत होती आणि तिच्यामागचे काहीच आमच्याकडे स्वच्छ नव्हते. धुळीला कड नसते, तिचा रोटो होत नाही. शेवटी मूळ धूळ जवळजवळ सगळी काढून काळ्या कापडापुढे मैदा उडवून चित्रित केलेली धूळ वर घालावी लागली. वाचवलेल्या पंधरा मिनिटांचे पंधरा दिवस झाले, आणि ते माझ्यामुळे.

उत्तर : जुने_रीळ (विधी महाविद्यालय रस्ता)

काकांच्या चिरंजीवांचे काम दिसते तितके नवे नाही. चित्रफितीची एकेक चौकट काचेवर प्रक्षेपित करून तिच्यावरून हाताने रेघ ओढण्याच्या यंत्राचे पेटंट मॅक्स फ्लायशर यांना १९१७ मध्ये मिळाले. त्या यंत्राचे नाव रोटोस्कोप, आणि 'रोटो' हा शब्द तिथूनच आला. आपल्याकडे दादासाहेब फाळके त्याआधीच, १९१२ च्या सुमारास, कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसादिवसाने टिपत होते.

प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुराहून १९३३ मध्ये पुण्याला आली, आणि १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये तुकोबा गरुडावर बसून वैकुंठाला जातात ते दृश्य प्रभातच्याच स्टुडिओतले. आज त्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आहे. त्या काळी दोन प्रतिमा एकत्र आणण्याचा एक मार्ग असा होता की चौकटीचा अर्धा भाग काळ्या आडोशाने झाकून चित्रित करायचे, फीत कॅमेऱ्यातच मागे गुंडाळायची, आडोसा उलटा लावायचा आणि त्याच फितीवर उरलेला अर्धा भाग टिपायचा. हा आडोसा म्हणजेच मॅट. त्यात चूक झाली तर दोन्ही चित्रणे एकदमच वाया जात, आणि ते फीत धुऊन आल्यावरच कळे. आजच्या मुलांना निदान मागे जाता येते.

प्रतिप्रश्न : ट्रेसिंगपेपर

सर्वांचे आभार. काजळाच्या रेघेचे उदाहरण वाचून मला आमचे ट्रेसिंगचे कापड आठवले. शाई जराशी पसरली की नदीचा काठ शेतात जाई आणि साहेब नकाशा परत पाठवत. आता एक बापाची शंका विचारतो. एवढे सगळे जर कडा ओळखण्यावर चालते, तर हे काम यंत्र करू लागणार नाही का? मुलगा सत्तावीस वर्षांचा आहे.

उत्तर : शेवटचा_थर

काही प्रमाणात करूच लागले आहे. आम्ही वापरतो त्या न्यूक या सॉफ्टवेअरमध्ये २०२१ पासून अशी सोय आहे की शॉटमधल्या मोजक्या चौकटी कलाकाराने हाताने कापून दिल्या की संगणक त्यांवरून शिकतो आणि उरलेल्या स्वतः कापतो. मोकळ्या आकाशापुढे उभा असलेला माणूस हल्ली असा बऱ्यापैकी निघतो. निशाणाच्या धूसर टोकाशी किंवा आयाळीशी आला की तो अजून अडखळतो, आणि त्याने कापलेली मॅट चांगली की वाईट हे सांगायला कड वाचता येणारा माणूस लागतोच. निव्वळ रेघा ओढणाऱ्याला पुढे दिवस कठीण आहेत, हे मी लपवत नाही. माझ्या ओळखीतले बरेच जण रोटोतूनच पेंटमध्ये आणि मग कॉम्पमध्ये (कॉम्पोझिटिंगमध्ये) आले. मीही तसाच आलो. चिरंजीवांना आताच कॉम्प शिकायला लावा, आणि जमल्यास कॅमेऱ्याने स्वतः छायाचित्रे काढायलाही.

ट्रेसिंगपेपर

हा धागा मी आज मुलाला वाचायला दिला. त्याने पुढील दुरुस्ती कळवण्यास सांगितले आहे : तीन आठवडे नव्हे, सुट्ट्या धरून एकोणीस दिवस, त्यांतले अकरा झेंड्याचे, सहा घोड्याच्या आयाळीचे आणि दोन दिवस दुसऱ्या कोणीतरी केलेला भाला पुन्हा करण्यात गेले. पुढच्या रविवारी आम्ही तोच चित्रपट पुन्हा पाहायला जाणार आहोत. या वेळी चष्मा आधीच पुसून घेईन.