घरातल्या मुंग्या: तुम्ही काय करता? अनुभव सांगा

माळवद
काल गुळाचा डबा काढला तर झाकणाच्या आट्यांत लाल मुंग्याच मुंग्या. डबा गॅलरीत उन्हाला ठेवला आणि आजी आठवली. औशाजवळच्या गावात आमचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर होतं. भिंती मातीच्या, त्यामुळं मुंग्यांना सगळीकडूनच दार. आजी एक मुंगी मारू द्यायची नाही. चिमटीत ज्वारीचं पीठ घ्यायची आणि चुलीपासून परसदारापर्यंत बारीक रेघ ओढत न्यायची. "वाट दावली की जातेत गं त्या." संध्याकाळपर्यंत रांग खरंच परसात. आता फ्लॅटमध्ये मी रेघ कुठं नेऊ, लिफ्टपर्यंत?
२०१६ चा उन्हाळाही आठवला. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तेव्हा. मुंग्या साखर सोडून माठाखालच्या ओल्या वाळूला लागल्या होत्या. आम्ही तांब्या तांब्या मोजायलो आणि आजी त्यांच्यासाठी वाटीत पाणी ठेवायली. आई लै चिडायची. मी पण.
तुमच्याकडं काय करतात? मारायचे उपाय बी चालतील, ओरडायला आजी नाही आता.

गोदाकाठची
हळद टाकून बघितली. मुंग्या पिवळ्या झाल्या, बाकी काही नाही.

रात्रीची_लाईट
घरातलं सोडा, शेतातलं ऐका. रात्री बाराची लाईट. बॅटरी घेऊन विहिरीवर गेलो, हिरवं बटन दाबलं, मोटर गप. फ्यूज बघितले, तिन्ही फेज हायेत. मिस्त्रीला फोनवर फोन, त्यो आला सकाळी नऊला, लाईट गेल्यावर. स्टार्टर उघडला तर पट्ट्यांच्या मधी मुंग्या चेंगरून काळा थर बसलेला. ब्रश मारला, झालं. ब्रशचे दोनशे घेतले. तवापासून पेटीत डांबरगोळ्या ठेवतो. पण त्या बी उडून जातेत, सारख्या बदलाव्या लागतेत. हरभऱ्याची एक पाळी हुकली ती हुकलीच.

जालन्याची_सून
दादा मेन बंद करूनच उघडत जा पेटी. आमच्या चुलत दिरांना झटका बसलाय.

रात्रीची_लाईट
व्हय ताई. आता मिस्त्रीलाच बोलावतो. दोनशे गेले तरी चालतेत.

दोन_लेकरांची_माय
पहिल्या बाळंतपणाला नांदेडला माहेरी होते. पाळण्याची दोरी वर आड्याला. बाळ रात्रभर रडायलंय आणि सगळे म्हणायलेत पोट दुखायलंय, ओव्याचा शेक द्या, वेखंड लावा. पहाटे लंगोट सोडला तर मांडीवर तीन गांध्या. दुधाच्या वासानं मुंग्या दोरीवरून उतरायल्या होत्या. मीच रडत बसले. आईनं दोरीला रॉकेलचं फडकं गुंडाळलं, माझ्या खाटेच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. दुसऱ्याच्या वेळी रॉकेल मिळंना, मग खाटेच्या पायांना व्हॅसलीन फासलं. चढत नाहीत त्याच्यावरून. धूळ बसली की पुसून परत लावायचं. थांबा, कुकर झाला, येते.

फळा_खडू
शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळं राहवत नाही. दिसतात त्या मारून उपयोग नाही, राणी आत अंडी घालत बसलेली असते. विष तिच्यापर्यंत त्यांनीच न्यायला पाहिजे. एक कप पाणी, दोन मोठे चमचे साखर, बोरिक पावडर फक्त अर्धा चहाचा चमचा. जास्त घातली तर वाटेतच मरतात आणि आत काहीच पोचत नाही. कापसाचा बोळा भिजवून रांगेशेजारी ठेवा. पहिल्या दिवशी गर्दी वाढते, तेव्हा घाबरून फवारा मारू नका. आठवडाभर धीर धरा. लेकरं, मांजर पोचणार नाहीत अशा जागी ठेवायचं.
नंतर साबणाच्या पाण्यानं फरशी पुसा. मुंगी खाणं सापडलं की परतताना वासाची वाट सोडत जाते, बाकीच्या त्या वाटेनं येतात. माळवद, तुमच्या आजीचं पीठ बहुतेक असंच चालायचं.

गोदाकाठची
बोरिक म्हणजे कॅरमवर टाकतात ती ना?

फळा_खडू
पुष्कळदा तीच. पण पुडीवर वाचून घ्या, नाहीतर मेडिकलमधून आणा.

आप्पा_बीडकर
आमच्या घरात लाडूचा डबा कुठं लपवलाय हे फक्त बायकोला आणि मुंग्यांना माहीत असतं. मी मुंग्यांच्या मागं जातो.

जालन्याची_सून
हसून घ्या. आमच्याकडं बाथरूममध्ये मुंग्या यायच्या. मामंजी जाऊन आले की तासाभरात मोरीच्या कडेला रांग. मी फिनाईल टाकून टाकून थकले, वर सासूबाईंची बोलणी की नीट धुत नाही. पाहुणे म्हणून आलेल्या एका नर्सबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, यांची शुगर तपासा. तपासली तर तीनशेच्या वर! रक्तात फार वाढली की लघवीतून जाते म्हणे. मामंजींना वर्षभर तहान तहान व्हायची, आम्ही म्हणायचो ऊन आहे. गोळ्या चालू झाल्या आणि दोन महिन्यांत मोरीतल्या मुंग्या बंद. पायाचं एक बोट मात्र गेलं त्यांचं.

दोन_लेकरांची_माय
अगं बाई. आता बरे हायेत का?

जालन्याची_सून
बरे आहेत. चोरून चहात साखर घालतात, ओट्यावर सांडते, मग मुंग्या चुगली करतात.

आप्पा_बीडकर
ताई, मामंजींना माझा नमस्कार सांगा. मी पण उद्या रक्त तपासून येतो.

रात्रीची_लाईट
माळवद, औशाजवळ म्हणजे किल्लारीकडं का? १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपानंतर तिकडं माळवदं राहिली कुठं.

माळवद
आमचं गाव जरा लांब. भिंतींना भेगा पडल्या, पण घर उभं राहिलं. तरी आजी वर्षभर अंगणातच झोपली, पावसात सुद्धा ओसरीच्या पुढं सरकायची नाही. नंतर वडलांनी पत्रे टाकले.

गोदाकाठची
आणि गुळाचं काय झालं?

माळवद
मुंग्या गेल्या. गूळ पाघळून झाकण डब्याला पक्कं चिकटलंय. डबा उघडायचा उपाय कुणाला माहितीय का?