क्लस्टरमधल्या एकेका गॅलेक्सीभोवतीचं डार्क मॅटर वेगळं कसं काढतात?

मालव्यातली_मुक्ता:
नमस्कार मंडळी, मी इंदूरची, बीएस्सी दुसरं वर्ष. काल बाबांना मोबाइलवर जेम्स वेब दुर्बिणीचा जुलै २०२२ चा तो पहिला फोटो दाखवत होते, एसएमएसीएस ०७२३ क्लस्टरचा, म्हणजे गॅलेक्सींच्या मोठ्या समूहाचा, मागच्या गॅलेक्सी वाकून चंद्रकोरीसारख्या दिसतात तो. बाबांचं सगळं आयुष्य बँकेत गेलंय, त्यांनी लगेच विचारलं की अख्ख्या क्लस्टरचं वजन निघालं हे ठीक, पण त्यातल्या एका गॅलेक्सीच्या खात्यात किती डार्क मॅटर, म्हणजे ते न दिसणारं, फक्त ओढीवरून कळणारं द्रव्य, आहे हे कसं कळणार? मला काही सांगताच येईना. गुरुत्वाकर्षणाने प्रकाश तर सगळे मिळूनच वाकवतायत ना? गणित चालेल, पण आधी चित्र डोळ्यासमोर यायला हवं.

सुरसागर_काठ:
मुक्ता, बाबांचा प्रश्न नेमका आहे. चहाच्या टपरीवर असतो तसा जाड बुडाचा काचेचा ग्लास घे, रिकामा, आखीव वहीच्या पानावर ठेव आणि वरून आत बघ. कडेजवळ रेघा वळलेल्या दिसतील. आता बुडाच्या काचेत कुठे बुडबुडा राहिलेला असेल तर तेवढ्याच जागी रेघ अजून थोडीशी मुरडते. मोठं वळण क्लस्टरच्या सामाईक डार्क मॅटरचं, ती बारीक मुरड एका गॅलेक्सीची. मॉडेलही असंच बांधतात, एक मोठा गुळगुळीत ढीग आणि प्रत्येक गॅलेक्सीच्या जागी एक छोटा. प्रत्येकीला सुटा आकडा दिला तर गणित सुटायचंच नाही, म्हणून जितकी उजळ तितकी जड असा एकच नियम सगळ्यांना लावतात आणि मागच्या गॅलेक्सीच्या दोन-तीन प्रतिमा जिथे जिथे दिसतात त्या जागा जुळेपर्यंत आकडे हलवत राहतात.

ग्वाल्हेरकर_अवकाश:
वरचं बरोबर, पण ते क्लस्टरच्या मधल्या भागात, जिथे कमानी, म्हणजे त्या चंद्रकोरीसारख्या वाकलेल्या प्रतिमा, दिसतात तिथे. बाहेरच्या बाजूला परिणाम इतका कमी की मागची गॅलेक्सी जेमतेम एखाद-दोन टक्के ताणली जाते, आणि ती मुळातच लांबट असली तर काय कळणार? म्हणून शेकडो-हजारो गॅलेक्सींची सरासरी काढतात, मूळचे आकार वाटेल त्या दिशेने असतात ते एकमेकांना खोडतात आणि ताण तेवढा उरतो. क्लस्टरमधल्या गॅलेक्सींसाठी ही पद्धत खगोलशास्त्रज्ञ प्रियंवदा नटराजन आणि ज्याँ-पॉल क्नीब यांनी १९९७ मध्ये मांडली. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की सीएल ००२४ क्लस्टरमध्ये मध्याजवळच्या गॅलेक्सींचे हेलो, म्हणजे त्यांच्याभोवतीचे डार्क मॅटरचे ढीग, कडेच्या गॅलेक्सींपेक्षा हलके निघाले, म्हणजे आत शिरताना क्लस्टरची ओढ त्यांचं बाहेरचं डार्क मॅटर ओरबाडून घेते.

मालव्यातली_मुक्ता:
ग्लास ठेवून बघितला!! आमच्याकडच्या एकाच्या बुडात खरंच बुडबुडा होता, बाबा चष्मा लावून दहा मिनिटं वाकून बघत बसले. आता विचारतायत, ओरबाडलेलं जातं कुठे?

सुरसागर_काठ:
कुठे जात नाही, सामाईक ढिगात मिसळतं. एकूण तेवढंच राहतं, फक्त ते त्या गॅलेक्सीचं म्हणता येत नाही.

आणि हे पण सांगतो, कारण प्रकरण मिटलेलं नाही. २०२० मध्ये मेनेगेटी, नटराजन वगैरेंनी हबल आणि चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीची निरीक्षणं एकत्र करून ११ क्लस्टर तपासले. गॅलेक्सीतल्या ताऱ्यांच्या वेगावरून तिचं वजन वेगळं काढता येतं, त्यामुळे ‘उजळ तर जड’ हा नियम नुसता मानून घ्यायची गरज राहत नाही. तर एकेका गॅलेक्सीने स्वतःच्या जोरावर केलेल्या छोट्या कमानी कॉम्प्युटर सिम्युलेशनपेक्षा दहापटीहून जास्त मिळाल्या, म्हणजे ते छोटे ढीग आपल्या अंदाजापेक्षा जास्त दाट असावेत. काही जण म्हणतात सिम्युलेशनच पुरेसं बारीक नाही, त्यावर वाद चालू आहे. मॅक्स जे १२०६ क्लस्टरचा हबलने काढलेला फोटो उघड, लांबलचक कमानीकडे नको बघू, पिवळट गॅलेक्सींना अगदी चिकटून जे बारके निळसर तुकडे आहेत ते शोध, बाबांनाही दाखव.